पाणथळीच्या दरवाजाची पंचाईत

मी दरवाजा. एवढं ऐकलं की माणसं लगेच विचारतात, कुठल्या घराचा? आणि तिथंच माझी पंचाईत होते. मला घरच नाही. माझ्या एका अंगाला नदी आहे, दुसऱ्या अंगाला पाणथळ, आणि मधल्या बांधात मी उभा. त्यातलं आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. माझी हकिकत ऐका आणि तुम्हाला काही उलगडा झाला तर मला सांगा. माझं डोकं तर केव्हाच चालेनासं झालंय.

मला घडवलं ते घरांचे दरवाजे करणाऱ्या एका सुतारानं. बिचाऱ्यानं आयुष्यात कधी पाण्याचा दरवाजा केला नव्हता. फळ्या जोडून झाल्यावर त्यानं बांधावरच्या मुकादमाला विचारलं, "आतली बाजू कुठली ते सांगा, म्हणजे कडी बसवतो."

मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "अहो, याच्या दोन्हीकडे पाणीच असणार आहे. कडी कशाला?"

"असू दे पाणी. बिनकडीचा दरवाजा माझ्या हातून बाहेर पडायचा नाही," असं म्हणून त्यानं एक जाडजूड लोखंडी कडी आणली आणि पाणथळीच्या बाजूला ठोकून दिली. मग लोहारानं मला पट्ट्या मारल्या, वर आटे पाडलेला लांब दांडा लावला आणि त्याच्या टोकाला एक चाक बसवलं. चाक एकीकडे फिरवलं की मी वर उचलला जातो, दुसरीकडे फिरवलं की खाली बसतो. चारचौघा दरवाजांसारखं ढकलून उघडणं माझ्या नशिबात नाही. त्यामुळे ती कडी नुसतीच लोंबत राहिली. तिच्यावर शेवाळ चढायचं, एखादी गोगलगाय बसायची, आणि आपल्याला हे का लावलंय असा विचार मी करत बसायचो.

चाक फिरवायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे काका म्हणत. त्याचं घर खालच्या आळीत, नदीच्या काठानं जाताना पहिलंच. त्याची खिडकी बरोबर माझ्यासमोर, इतकी जवळ, की घरातलं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझी करकर घरात. हो, मी करकरतो. वर जाताना तर असा, की आळीतल्या बायका हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "उघडला वाटतं काकांनी."

नदी चढली की काका मला उचलायचा. पाणी माझ्या खालून धावत पाणथळीत शिरायचं आणि लव्हाळ्यांतून दूरवर पसरून शांत व्हायचं. मग तो मला खाली बसवायचा. नदी उतरली की पुन्हा उचलायचा, आणि घेतलेलं पाणी सावकाश नदीला परत जायचं. मागे उरायचा चिखल. मला याचा अर्थच लागायचा नाही. परतच करायचं होतं, तर घेतलं कशाला? माणसांना दुसरा उद्योग नाही का? एकदा कुणीतरी काकालाच हे विचारलं, तर तो म्हणाला, "आमचे वडील असंच करायचे." म्हणजे त्यालाही पत्ता नव्हता. मला जरा बरं वाटलं.

तो चिखल मात्र फार चालता-बोलता होता. लांब पायांचे पक्षी कुठून कुठून येऊन त्यात चोची खुपसत फिरायचे. आळीतल्या बाया गुडघाभर चिखलात उतरून लव्हाळा कापायच्या आणि त्याच्या चटया विणायच्या. माशांची पिल्लं परतीच्या पाण्याबरोबर माझ्या खालून नदीत सटकायची, तेव्हा मला खालून गुदगुल्या व्हायच्या. आळीच्या विहिरीचं पाणी गोड होतं. या सगळ्याचा माझ्या उघडण्या-मिटण्याशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

मग एका सकाळी काका चाकावर आलाच नाही. त्याची उजवी बाजू गेली होती. हात गेला, पाय गेला, तोंड अर्धं वाकडं झालं. त्याची खाट खिडकीशी लावली गेली आणि चाक फिरवायला काकू येऊ लागली. ती काही दणकट बाई नव्हती. दोन्ही पाय रोवून, पदर खोचून, माझ्या नावानं दोन-चार शब्द पुटपुटत ती मला उचलायची. घरी पोचते ना पोचते तोच खिडकीतून अडखळता आवाज यायचा, "अगं, दरवाजा उघडलास का?"

"उघडला हो. ऐकू नाही आलं?"

"आलं, आलं. मुद्दाम विचारलं."

हे त्यांचं नेहमीचं झालं. काकाचं अंग गेलं, काम गेलं, चावून खाणंसुद्धा गेलं, पण कान शाबूत होते. माझी करकर ऐकली की तो चाकावर असल्यासारखा खूश व्हायचा. आपला बेसूर आवाज कुणाला इतका हवाहवासा वाटावा, हेही मला एक कोडंच होतं.

आता त्यांच्या जावयाबद्दल सांगतो. इथून माझा गोंधळ जास्तच वाढतो, कारण त्याला बरा म्हणावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याचा गावात फोटोंचा स्टुडिओ. पण जीव सगळा पाणथळीवर. पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून बांधावर पोटावर पडून राहायचा. कचेरीतल्या काही लोकांनी ठरवलं होतं की हे डबकं राडारोडा टाकून बुजवायचं आणि वर बाजार बांधायचा. याच जावयानं दारोदार फिरून माणसं गोळा केली, कचेरीत जाऊन भांडला, स्टुडिओ आठवडेच्या आठवडे बंद ठेवला आणि तो बेत हाणून पाडला. तो नसता तर आज मी दगडमातीखाली असतो. हे त्याचं श्रेय मी कधी नाकारणार नाही.

मग त्यानं पाणथळ वाचवायला एक मंडळ काढलं. तिथून सगळं उलटंपालटं झालं.

त्याचं म्हणणं साधं होतं. लोक चिखल बघतात, नाक दाबतात आणि म्हणतात, बुजवा. पाणी काठोकाठ भरलेलं असलं, त्यात आभाळ उलटं दिसत असलं, तर कोण बुजवा म्हणेल? तेव्हा पाणी कायम भरलेलं ठेवायचं. बोलणं पटण्यासारखं होतं. मलासुद्धा पटलं. मंडळानं माजलेलं गवत म्हणून लव्हाळा उपटला, पाण्याभोवती दगडी वाट बांधली, बाकं टाकली. पलीकडचा उरलेला तुकडा गाड्या लावायला सुकवून ठेवला. नदी चढल्यावर मला शेवटचं उचलून पाणथळ भरून घेतली आणि मला खाली बसवलं. माझं चाक कुणी उगाच फिरवू नये म्हणून ते काढून नेलं, लाल रंगानं रंगवलं आणि वाटेच्या तोंडाशी सिमेंटमध्ये शोभेला रोवलं. त्याच्यापाशी उभं राहून लोक फोटो काढून घ्यायचे.

आणि माझ्या कडीला साखळी घालून कुलूप लावलं. त्या सुताराची कडी अखेर कामाला आली. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी अभिमान वाटला. आता मी खरा दरवाजा झालो, असं वाटलं.

जावई हे सांगायला स्वतः सासूकडे आला. काकू बांधावरच होती.

"आई, आता तुम्हाला चाक फिरवायला यायला नको. मंडळ तुम्हाला वाटेची देखरेख देतंय. बसून काम आहे."

"आणि दरवाजा?"

"बंदच ठेवायचा. पाणी वाचवायचंय ना आपल्याला?"

"ते खरं. पण जावईबापू, ह्यांना काय सांगू?"

"बाबांना कशाला सांगता? उगाच घोर लावून घेतील."

काकूनं पाण्याकडे पाहिलं. सगळं आभाळ त्यात उतरलं होतं. "दिसतंय मात्र छान," ती म्हणाली. आणि खरंच छान दिसत होतं.

त्यानंतर नदी पहिल्यांदा चढली, तेव्हा खिडकीतून नेहमीचा प्रश्न आला. "अगं, दरवाजा उघडलास का?"

"उघडला."

"ऐकू नाही आलं."

काकू म्हणाली, "तेल घातलंय आता त्याला. वाजत नाही हल्ली."

पुढच्या वेळी काकानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. असं कितीदा तरी झालं. मग एकदा तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तेल कसलं. माझे कानच गेले वाटतं." काकू त्याच्या उशीशी बसली होती. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की काका, तुझे कान ठणठणीत आहेत, मीच वाजत नाही. पण कुलूप लागलेल्या दरवाजाला आवाज कुठला? माझा अभिमान त्या दिवशी जिरला.

इकडे पाणीही विचित्र वागू लागलं. आधी हिरवं झालं, मग त्यावर साय धरली, मग वास सुटला. मासे पोटं वर करून तरंगू लागले. लांब पायांचे पक्षी आले, वरच्या वर दोन घिरट्या घातल्या आणि पाय टेकायला जागा नाही म्हणून निघून गेले. बायांना चटयांसाठी लव्हाळा आणायला कोसभर पायपीट पडू लागली. विहिरीच्या पाण्याला कसलीशी चव आली आणि आळीत पोरंबाळं पोट धरून बसू लागली. उन्हाच्या दिवसांत पाणथळीवरून येणारी गार झुळूकही आता नको वाटे, लोक खिडक्या लावून घ्यायचे. काकूला मात्र खिडकी उघडी ठेवावी लागे, काकाला करकर ऐकायची असे म्हणून.

जावई एका सकाळी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. कॅमेरा गळ्यात तसाच. "पाणी तर भरपूर आहे," तो म्हणाला, "मग पक्षी गेले कुठे?" आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणजे तो मलाच विचारत असावा. मी काय सांगणार? मला वाटत होतं त्यालाच माहीत असेल.

मग तो पाऊस आला. दिवस-रात्र धरून बसला, आणि एका सकाळी नदी माझ्या छातीला भिडली. एरवी अशा वेळी मी वर उचलला जायचो आणि नदी पाणथळीत जाऊन हातपाय पसरायची. आता मी बंद, आणि माझ्या मागे आधीच सगळं भरलेलं. नदीनं मला धडका दिल्या, मग बांधाच्या कडेनं वळली आणि सरळ खालच्या आळीत शिरली. पहिलं घर काकाचं.

आळीतली माणसं मुलांना खांद्यावर घेऊन उंचावर गेली. काकाला नेता येईना, दारातून बाहेर पडलं की कमरेइतक्या पाण्याला ओढ होती. शेजाऱ्यांनी खाट उचलून दोन टेबलांवर ठेवली. पाणी टेबलांचे पाय गिळत चढत होतं. काकू त्याला धरून उभी होती. आणि अशा वेळी काकानं काय विचारावं?

"अगं, दरवाजा उघडलास का?"

काकूचा बांध फुटला. "नाही हो," ती म्हणाली. "बंद आहे. कधीचाच बंद आहे. तेल-बिल काही नाही, मी खोटं बोलत होते तुमच्याशी."

काकाच्या वाकड्या तोंडातून शब्द आले, "म्हणजे माझे कान ठीक आहेत."

"ठीक आहेत."

"मग जा, उघड जा."

काकाला शेजाऱ्यांच्या हवाली करून काकू भिंती धरत धरत निघाली ती थेट वाटेच्या तोंडाशी. तिथं जावई आणि मंडळाची माणसं दगडी वाटेला वाळूच्या पिशव्या लावत होती. काकू त्या लाल चाकाला धरून ओढू लागली. जावई धावत आला.

"आई, दरवाजा उघडला तर पाणी या वाटेवरून जाईल. सगळं उखडून निघेल. इतक्या वर्षांची मेहनत आहे."

"जावईबापू," काकू धापा टाकत म्हणाली, "तुमचे सासरे टेबलावर आहेत आणि पाणी टेबलाला लागलंय."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग वाटेकडे, मग त्या भरलेल्या पाण्याकडे. काय करावं ते त्याला कळत नव्हतं, हे मला लांबूनही दिसत होतं, कारण तशा अवस्थेत मी जन्म काढलाय. मग त्यानं पिशवी खाली टाकली, पहार आणली आणि स्वतःच्या हातानं ते सिमेंट फोडलं.

चाक माझ्या दांड्यावर चढलं. ते दोघं झटू लागले. मी हलेना. गंजून पार चिकटून बसलो होतो. मग मंडळाची माणसं आली, आळीतले दोघे-तिघे आले. कुलुपाची किल्ली कुणाकडे आहे यावर वाद सुरू होतोय तोच सुताराची ती कडी मुळासकट उपटून आली आणि पाण्यात गेली. आणि मी वाजलो. असा वाजलो, की उंचावर गेलेल्या माणसांनीही माना वळवल्या.

अर्ध्यावर आलो आणि माझा दांडा वाकला. तिथंच अडकलो. पण नदीला तेवढी फट पुरली. ती घुसली, भरलेल्या पाण्याला ढकलत दगडी वाटेवरून गेली, बाकं आडवी झाली, आणि पलीकडे गाड्यांसाठी सुकवलेल्या जमिनीवर जाऊन ती पसरली. तिथं पूर्वी लव्हाळा होता. आळीत चढणारं पाणी थबकलं. मग वीतभर उतरलं. खिडकीतून मला काका दिसला. टेबलावरच्या खाटेवर, अंग चिंब, आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं हसत होता.

त्या पुराला आता बरेच दिवस झाले. मी अजून अर्ध्यावरच आहे. चाक परत माझ्या डोक्यावर आलंय, त्याचा लाल रंग पोपडे धरून गळतोय, पण ते फिरत नाही. नदी चढली की पाणी माझ्या खालून आपलं आपण आत जातं, उतरली की आपलं आपण परत येतं. चिखल उघडा पडतो. गाड्यांच्या जागेवर लव्हाळा उगवलाय आणि बाया तिथं उतरल्यात. लांब पायांचे ते पाहुणे परवा आले, आणि जावई पुन्हा पोटावर पडून होता, या वेळी चिखलात. विहिरीचं पाणी पुन्हा पहिल्यासारखं लागतंय म्हणतात. माझी एक खालची फळी सैल झालीय. पाणी आत जाताना ती ठकठकते आणि बाहेर येताना करकरते. खिडकीतून काका ऐकत असतो.

तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं छान. नाही ना. सकाळी फिरायला येणारी मंडळी रागावलीत, तळं होतं ते गेलं, पुन्हा डबकं झालं म्हणतात. काकूला तर काय वाटतं तेच कळत नाही. चाक फिरत नाही हे ठाऊक असून ती रोज येते, त्यावर हात ठेवून उभी राहते आणि परत जाते. आणि परवा कचेरीनं माझ्या दुरुस्तीला मिस्त्री पाठवला. त्यानं मला खालून-वरून तपासलं, वाकलेला दांडा पाहिला आणि म्हणाला, "होईल दुरुस्त. फक्त एवढं सांगा, उघडा करून ठेवू की बंद?"

मंडळाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. जावई म्हणाला, "माझं विचाराल तर मला आता काही विचारू नका. आईंना विचारा."

काकू म्हणाली, "मी चाक फिरवत होते बाबा. उघडा-बंद काय ते पाणी आणि हे बघायचे."

मिस्त्री वैतागला. "अहो, दरवाजा म्हटला की उघडा नाहीतर बंद. तिसरं काही असतं का? ठरवा आणि कळवा, सोमवारी येतो." आणि हत्यारांची पिशवी उचलून तो चालता झाला.

मला तर काहीच सुचत नाहीये. आजवर मी उघडाही होतो आणि बंदही होतो, पण असा मोडका होऊन बसलो तेव्हाच सगळ्यांचं कसं काय जमून आलं? मग मला मोडका म्हणायचं की नाही? सोमवार तर तोंडावर आलाय.

आज दुपारी काकू काकाला भरवत होती. खिडकी उघडीच होती. नदी उतरायला लागली होती आणि माझी सैल फळी आपली करकरत होती. काकूनं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सोमवारी मिस्त्री यायचाय. दरवाजा दुरुस्त करणार म्हणे."

काकानं मान जराशी खिडकीकडे वळवली. थोडा वेळ ऐकत राहिला.

"वाजतोय की तो," तो म्हणाला. "बिघडलंय काय त्याचं?"

काकूनं हातातली वाटी खाली ठेवली. तो मिस्त्री तुम्हाला वाटेत कुठे भेटला, तर माझ्या वतीनं त्याला थांबवा आणि काकाचा हा प्रश्न त्याला विचारा.